फुकट चाळण्याचे पैसे कोण भरत होतं?

पुस्तकांच्या दुकानात तासभर पुस्तकं चाळायची आणि काही न घेता बाहेर पडायचं, तर त्या तासाचे पैसे कोणाच्या खिशातून जातात? गिऱ्हाइकाच्या तर नाहीच. पण दुकानाचं भाडं, दिवे, पुस्तकं लावणाऱ्या माणसाचा पगार, शेल्फावर वर्षभर पडून राहिलेल्या प्रतीत अडकलेली रक्कम, हे सगळं त्या तासातही चालूच असतं. अमेरिकेतल्या मोठ्या चेन दुकानांनी 1990च्या दशकात हा खर्च आपणहून अंगावर घेतला. लोकांनी यावं, बसावं, वाचावं म्हणून खुर्च्या टाकल्या, आत कॉफीची सोय केली, रात्री उशिरापर्यंत दारं उघडी ठेवली. पुढच्या वीसेक वर्षांत त्यांतली बॉर्डर्स ही चेन साफ बुडाली, बार्न्स अँड नोबल ही दुसरी बुडता बुडता वाचली, आणि मॉलमधले पुस्तकांचे छोटे गाळे जवळजवळ नामशेष झाले.

असं का झालं, असं विचारलं की ‘ॲमेझॉन आलं’ हे उत्तर तयार असतं. ते खोटं नाही, पण त्याने फारसा उलगडा होत नाही. ॲमेझॉन सगळ्यांसाठीच आलं होतं. मग बॉर्डर्स का बुडालं आणि बार्न्स अँड नोबल का टिकलं? शिवाय या गोष्टीत एक आरोपी हमखास उभा केला जातो. दुकानात चाळून नेटवर स्वस्तात घेणारा, किंवा मुळीच न घेणारा, असा काटकसरी वाचक. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. काटकसरी वाचक आधीपासून होताच, आणि या दुकानांचं सगळं गणित त्याला धरूनच बसवलेलं होतं. त्याच्या चाळण्याचे पैसे भरणारे दुसरे होते. ते एकेक करून निघून गेले.

छोट्या गाळ्यांतून मोठ्या दालनांत

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरं पसरली, त्यांच्यासाठी मॉल उभे राहिले, आणि त्या मॉलमध्ये वॉल्डनबुक्स आणि बी. डाल्टन या दोन चेननी शेकडो गाळे घेतले. वॉल्डनचं मूळ 1933 मधलं, आणि तेही पुस्तकं विकण्याचं नव्हतं. महामंदीत लोकांना पुस्तक विकत घेणं परवडत नव्हतं, म्हणून ते भाड्याने द्यायचा धंदा होता. बी. डाल्टन 1966 मध्ये मिनिआपोलिसच्या डेटन या डिपार्टमेंट स्टोअर कंपनीने काढलं. ही दुकानं लहान असत. खपाच्या कादंबऱ्या, पाककृती, कॅलेंडरं एवढाच ऐवज. बूट घ्यायला आलेला माणूस जाता जाता आत डोकवायचा. रेंगाळावं अशी ती जागा नव्हती.

1971 हे वर्ष या कथेत दोनदा येतं. मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावात टॉम आणि लुई बॉर्डर्स या भावांनी दुकान काढलं. त्याच वर्षी लेन रिजिओ यांनी न्यूयॉर्कमधलं बार्न्स अँड नोबल हे डबघाईला आलेलं जुनं दुकान विकत घेतलं. रिजिओंनी सवलतीचा रस्ता धरला. खपाच्या याद्यांवरची पुस्तकं छापील किमतीपेक्षा 40 टक्के कमी दराने विकायला त्यांनी 1970च्या दशकातच सुरुवात केली. बॉर्डर्स बंधूंचं डोकं वेगळ्या दिशेने चाललं. लुई यांचा ओढा गणिताकडे. कोणत्या दुकानात कोणत्या विषयाची किती पुस्तकं जातात याचा हिशेब ठेवून पुढे काय मागवावं हे सांगणारी संगणकप्रणाली त्यांनी तयार केली. एखाद्या जाणत्या पुस्तकविक्रेत्याच्या डोक्यात जे असतं, ते काही प्रमाणात यंत्रात उतरलं. त्यामुळे लाखाहून जास्त शीर्षकं असलेलं दुकान एका गावापुरतं न राहता अनेक गावांत उभं करता आलं.

इथून पुढे भांडवल आलं. केमार्ट या कंपनीने 1984 मध्ये वॉल्डन आणि 1992 मध्ये बॉर्डर्स घेतलं, आणि 1995 मध्ये दोन्ही मिळून वेगळी कंपनी बाहेर काढली. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात बी. डाल्टन बार्न्स अँड नोबलच्या हाती गेलं. मग दोघांनी मॉलमधले गाळे हळूहळू बंद करत रस्त्यालगतची प्रचंड दालनं उभारायला घेतली. ज्या गावाला तोवर धड पुस्तकांचं दुकान नव्हतं, तिथे एकाएकी तत्त्वज्ञानाचं सबंध कपाट आलं, कवितेचं आलं, परदेशी मासिकं आली. स्वतंत्र दुकानांना याची मोठी झळ बसली. त्यांच्या संघटनेने 1998 मध्ये दोन्ही चेनवर खटला भरला, प्रकाशकांकडून यांना छुपी जादा सूट मिळते असा आरोप करून. पुढे तो तडजोडीने मिटला. त्या छोट्या दुकानदारांचं दुःख खरं होतं. पण आडगावात वाढणाऱ्या, खिशात फार पैसे नसलेल्या वाचकाला या दालनांनी जे दिलं, तेही खरं होतं.

एका पुस्तकाचा हिशेब

पुस्तकाची किंमत दुकानदार ठरवत नाही. प्रकाशक ती वेष्टणावर छापून टाकतो. दुकानाला त्या छापील किमतीवर सूट मिळते, साधारण 40 ते 50 टक्के. समजा, 25 डॉलरचं पुस्तक दुकानाला 13.50 डॉलरला पडलं. पूर्ण किमतीला विकलं तर हातात 11.50 डॉलर राहतात. त्यातून भाडं, पगार, वीज, चोरी, वाहतूक सगळं भागवायचं. आता तेच पुस्तक 30 टक्के सवलतीने विकलं तर गिऱ्हाइकाकडून 17.50 डॉलर येतात आणि हातात राहतात फक्त 4. म्हणजे गिऱ्हाइकाला किंमत 30 टक्क्यांनी उतरलेली दिसते, पण दुकानाचा वाटा जवळपास दोन तृतीयांशाने आटतो. सवलतीची ही धार बाहेरून कधी दिसत नाही.

दुसरी गोष्ट खपाची. लाखभर शीर्षकांपैकी बहुतेकांची एका दुकानात वर्षाला एखादी प्रत जाते, नाहीतर तीही नाही. घरात एक कमावता आणि दहा खाणारे, तसा हा प्रकार. दर्शनी टेबलावरची चार गाजलेली पुस्तकं आतल्या कपाटांचं भाडं भरतात. आणि चाळणाऱ्याला ओढ असते ती नेमकी त्या आतल्या कपाटांची.

मग इतकी न खपणारी पुस्तकं ठेवणं परवडायचं कसं? याचं उत्तर प्रकाशकांकडे आहे. 1930च्या दशकात मंदीने दुकानदार नवी पुस्तकं मागवायला कचरायला लागले, तेव्हा अमेरिकी प्रकाशकांनी त्यांना हमी दिली: नाही खपलं तर परत पाठवा, पैसे वळते करून देऊ. अडचणीच्या काळातली ही सोय कायमची पद्धत होऊन बसली. खिशात मावणाऱ्या स्वस्त पेपरबॅकच्या बाबतीत तर अख्खं पुस्तकसुद्धा परत जात नाही. मुखपृष्ठ फाडून तेवढंच पुरावा म्हणून पाठवायचं आणि उरलेलं पुस्तक लगद्यात घालायचं. मुखपृष्ठाशिवाय हे पुस्तक विकत घेतलं असेल तर ते चोरीचं समजा, अशी सूचना जुन्या अमेरिकी पेपरबॅकच्या पहिल्या पानांत दिसते, ती यामुळेच.

शिवाय पुस्तकं आधी येत आणि पैसे काही महिन्यांनी जात. मधल्या काळात न खपलेली परत गेली, तर त्यांचे पैसे देण्याचा प्रश्नच उरत नसे. दालनातला बराचसा माल प्रकाशकांच्या उधारीवर उभा होता असं म्हणायला हरकत नाही. दर्शनी टेबलावर पुस्तक कुठे ठेवायचं, याचेही पैसे प्रकाशक चेनला देत. वाचकाला वाटे, दुकानातल्या कोणीतरी आवडीने हे पुढे मांडलंय. प्रत्यक्षात ती जागा बहुतेक वेळा विकलेली असे.

तेव्हा फुकट चाळण्याचे पैसे भरणारे हे असे: गाजलेलं पुस्तक घेणारं गिऱ्हाईक, परतीची हमी आणि उधारी देणारा प्रकाशक, आणि पुस्तकांखेरीज सीडी, डीव्हीडी, मासिकं, कॉफी घेणारी गर्दी.

निघून गेलेले लोक

सगळ्यात आधी हलले गाजलेल्या पुस्तकांचे गिऱ्हाईक. वॉलमार्ट, टार्गेट, कॉस्टको या सगळाच माल विकणाऱ्या बड्या चेनना पुस्तकांच्या धंद्यात राहायचंच नव्हतं. लोकांना दुकानात ओढायला चार गाजलेली पुस्तकं मिळाली की त्यांचं काम होत होतं. तिथे कवितेचं कपाट पोसायचं नसतं. ऑक्टोबर 2009 मध्ये वॉलमार्टने येऊ घातलेली दहा बडी पुस्तकं आपल्या संकेतस्थळावर 10 डॉलरला लावली. ॲमेझॉनने तोच दर लावला. वॉलमार्ट 9 डॉलरवर उतरलं, टार्गेटही उतरलं, आणि भाव नऊ डॉलरच्या आसपास सेंटा-सेंटाने खाली सरकत राहिला. या पुस्तकांची छापील किंमत पंचवीस-पस्तीस डॉलर होती. वरचा हिशेब लावून पाहा: प्रत्येक प्रत तोट्यात जात होती, आणि विकणाऱ्यांना त्याची फिकीर नव्हती. ज्याचं पोट फक्त पुस्तकांवर आहे त्याने या लढाईत काय करायचं?

मग संगीत गेलं. बॉर्डर्सने आपल्या दालनांची मोठी जागा सीडी आणि डीव्हीडीला दिली होती. 1990च्या दशकात ते शहाणपणाचं होतं. गाणी फाइलींत गेल्यावर ती जागा नुसती भाडं खाऊ लागली. त्याच सुमारास शब्दकोश, नकाशे, प्रवासाची माहितीपुस्तकं, संगणकाच्या जाडजूड मार्गदर्शिका यांचाही खप उतरला, कारण ती माहिती नेटवर मिळू लागली. या पुस्तकांबद्दल कोणी हळहळत नाही, पण ती महाग असत आणि गरजेपोटी विकत घेतली जात.

करांचा भाग फारसा बोलला जात नाही, पण तो मला महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1992 च्या क्विल खटल्यात ठरवलं, की ज्या राज्यात विक्रेत्याचं स्वतःचं अस्तित्व नाही, तिथल्या गिऱ्हाइकाकडून विक्रीकर गोळा करायची सक्ती त्याच्यावर करता येणार नाही. ॲमेझॉनने जुलै 1995 मध्ये पुस्तकं विकायला सुरुवात केली तेव्हा हा नियम आयताच मिळाला. कर 8 टक्के असलेल्या राज्यात कोपऱ्यावरच्या दुकानातून 25 डॉलरचं पुस्तक घेतलं तर 27 द्यावे लागत, नेटवरून घेतलं तर कर पडत नसे. कायद्याने तो कर गिऱ्हाइकाने स्वतःहून भरायचा होता. जवळजवळ कोणीच भरत नसे. पुढे ॲमेझॉन एकेका राज्यात कर घेऊ लागलं, आणि 2018 मध्ये वेफेअर खटल्यात न्यायालयाने जुना निकालच फिरवला. तोवर वीस-पंचवीस वर्षांची सवय लोकांच्या हातात बसली होती.

बॉर्डर्सच्या स्वतःच्या चुका याच काळातल्या. 2001 मध्ये त्यांनी आपली ऑनलाइन विक्री चक्क ॲमेझॉनकडे सोपवली. आपला खप, आपलं गिऱ्हाईक, त्याची आवडनिवड, सगळं प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलं. स्वतःचं संकेतस्थळ पुन्हा उभं करायला 2008 उजाडलं. किंडल हे ॲमेझॉनचं ई-बुक वाचायचं यंत्र तेव्हा बाजारात येऊन काही महिने झाले होते. दालनांचे भाडेकरार दीर्घ मुदतीचे होते, त्यामुळे न चालणारी दुकानं बंद करणंही महाग पडत होतं. बार्न्स अँड नोबलनेही चुका केल्या. नूक या वाचनयंत्रावर त्यांनी पुढे अतोनात पैसा घालवला. पण 1997 पासून त्यांचं स्वतःचं संकेतस्थळ होतं आणि कर्जाचा फास इतका आवळलेला नव्हता.

शेवटचा धक्का प्रकाशकांकडून आला. 2010 संपता संपता बॉर्डर्सने काही प्रकाशकांचे पैसे लांबणीवर टाकले. उधारीवर उभ्या असलेल्या धंद्यात एवढी बातमी पुरेशी असते. प्रकाशकांनी माल रोखला. 16 फेब्रुवारी 2011 रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, त्यात पेंग्विन या एकट्या प्रकाशकाचं देणं चार कोटी डॉलरच्या वर होतं. जुलैमध्ये उरलेली 399 दुकानं मोडीत काढायचं ठरलं, सुमारे 10,700 माणसांची नोकरी गेली, आणि सप्टेंबरमध्ये शेवटची दारं बंद झाली. योगायोग असा, की ज्या आठवड्यात अमेरिकेत हा अर्ज झाला, त्याच आठवड्यात ऑस्ट्रेलियात बॉर्डर्सचं नाव लावून दुकानं चालवणारी वेगळी कंपनीही कोलमडली. ब्रिटनमधली बॉर्डर्सची दुकानं 2009 अखेरीसच गेली होती.

काटकसरी वाचक काय करतो

आता ज्याच्यावर ठपका ठेवला जातो त्याच्याकडे वळू. काटकसरी वाचक पुस्तक घेत नाही, हा गैरसमज आहे. तो घेतो, पण उशिरा घेतो आणि खात्री करून घेतो. महिन्याला एखादंच पुस्तक परवडत असेल तर चुकीचं पुस्तक घरी येणं हा मोठा तोटा आहे. म्हणून तो उभ्या उभ्या पहिलं प्रकरण वाचतो. मधलं एखादं पान काढून पाहतो, कारण सुरुवात तर सगळेच घासूनपुसून लिहितात. अनुक्रमणिका पाहतो, शेवटची सूची पाहतो, भाषांतर असेल तर एक परिच्छेद मनातल्या मनात मोठ्याने वाचतो. पैसेवाल्याला चाळणं ही हौस असेल. याला ती गरज आहे. संगणकाच्या पडद्यावर प्रकाशकाने निवडलेली काही पानं दिसतात, पण मधलं पान आपण निवडायचं असतं, त्यालाच तर चाळणं म्हणतात.

किमतीच्या बाबतीत त्याच्याकडे अनेक वाटा होत्या. पहिली, थांबण्याची. कडक बांधणीची आवृत्ती आली की साधारण वर्षभराने पेपरबॅक येते, निम्म्या किमतीच्या आसपास. दुसरी, कूपनची. बॉर्डर्स आपल्या फुकट सभासदांना ईमेलवर एका पुस्तकावर 30-40 टक्के सवलतीची कूपनं पाठवत असे, आणि मुरलेला वाचक दुकानात पुस्तक हेरून ठेवून कूपनची वाट पाही. बार्न्स अँड नोबलचं सभासदत्व विकतचं होतं, बरीच वर्षं 25 डॉलर, आणि सूट 10 टक्के. हिशेब सोपा आहे: वर्षाला 250 डॉलरहून कमी खरेदी करणाऱ्याने ते घेऊ नये. तिसरी वाट कमी दराच्या टेबलाची. दुकानांनी परत केलेल्या प्रती प्रकाशक ठोक भावात फुंकून टाकतात. अशा प्रतींच्या पानांच्या कडेवर शाईची एक रेघ किंवा ठिपका असतो, म्हणजे त्या पूर्ण किमतीने पुन्हा परत करता येत नाहीत. आतलं पुस्तक कोरं करकरीत असतं. या टेबलाला 1979 च्या एका निकालाने हातभार लावला. थॉर पॉवर टूल नावाच्या अवजारांच्या कंपनीचा तो करविषयक खटला होता. पडून असलेल्या मालाची किंमत नुसती कागदावर घटवून कर वाचवता येणार नाही, असं त्यात ठरलं. प्रकाशकांना गोदामात जुन्या प्रती सांभाळण्यापेक्षा त्या लवकर काढून टाकणं सोयीचं झालं.

आणि चौथी वाट जुन्या पुस्तकांची. ती उघडी आहे ती 1908 च्या निकालामुळे. एका प्रकाशकाने कादंबरीत छापलं होतं, की हे पुस्तक एक डॉलरहून कमी किमतीत विकणं हा आमच्या हक्कांचा भंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या डिपार्टमेंट स्टोअरने ती 89 सेंटला विकली. सर्वोच्च न्यायालयाने मेसीजची बाजू घेतली: एकदा प्रत विकली की तिच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा हक्क राहत नाही. डलासमध्ये 1972 मध्ये निघालेलं हाफ प्राइस बुक्स किंवा नवी-जुनी पुस्तकं एकाच शेल्फावर लावणारं पोर्टलंडचं पॉवेल्स, ही दुकानं याच तत्त्वावर उभी आहेत. 2000 च्या अखेरीस ॲमेझॉनने नव्या पुस्तकाशेजारीच जुन्या प्रती दाखवायला सुरुवात केली, आणि काही वर्षांत कालपरवाच्या गाजलेल्या कादंबऱ्या एका सेंटला मिळू लागल्या. टपालाचे 3.99 डॉलर वेगळे, विकणारा कमावायचा तो त्या टपालखर्चातल्या फरकावर. चार डॉलरला दारात पुस्तक येत असेल, तर दुकानातल्या पंधरा डॉलरच्या पेपरबॅककडे हात कसा जाणार?

पुस्तकांच्या मागे छापलेल्या आकड्याचंही इथे सांगायला हवं. 1960च्या दशकात ब्रिटनमधल्या डब्ल्यू. एच. स्मिथ या चेनला आपलं गोदाम संगणकावर आणायचं होतं. त्यासाठी प्रत्येक पुस्तकाला स्वतंत्र क्रमांक द्यायची पद्धत डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधले संख्याशास्त्रज्ञ गॉर्डन फॉस्टर यांनी आखली. 1967 मध्ये ती वापरात आली आणि 1970 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली, तोच आयएसबीएन. चेनच्या सोयीसाठी जन्मलेल्या या क्रमांकाने पुढे वाचकाला नेमकी तीच आवृत्ती जगात कुठे किती स्वस्त आहे, हे क्षणात पाहता येऊ लागलं. डिसेंबर 2011 मध्ये ॲमेझॉनने दुसऱ्यांच्या दुकानात जाऊन किंमत तपासणाऱ्यांना खास सवलत देऊ केली. पुस्तकं त्या सवलतीत नव्हती, तरी पुस्तकविक्रेत्यांचा संताप झाला, आणि तो रास्त होता.

चाळून न घेण्यात मला काही गैर वाटत नाही. दुकान ते गृहीत धरूनच उघडलेलं असतं. पण विक्रेत्याला पाच पुस्तकं काढायला लावायची, त्याचं मत विचारायचं, आणि तिथेच उभं राहून फोनवरून दुसरीकडे मागवायचं, हे मला पटत नाही. पुस्तकाच्या किमतीत त्या माणसाचं जाणतेपणही असतं.

कपाट पुन्हा दुकानदाराच्या हाती

ब्रिटनमध्ये हीच गोष्ट वेगळ्या क्रमाने घडली. तिथे 1900 पासून नेट बुक ॲग्रीमेंट होतं. पुस्तक छापील किमतीलाच विकायचं, असा प्रकाशक-विक्रेत्यांचा करार. 1995 मध्ये बडे प्रकाशक त्यातून बाहेर पडले आणि 1997 मध्ये न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. मग सुपरमार्केटांनी गाजलेली पुस्तकं पळवली. टिम वॉटरस्टोन यांनी 1982 मध्ये सुरू केलेली, जाणत्या विक्रेत्यांसाठी नावाजलेली वॉटरस्टोन्स ही चेन ‘तीन घ्या, दोनचे पैसे द्या’ या फलकांत हरवली. फ्रान्सने उलट केलं. 1981 च्या कायद्याने नव्या पुस्तकावर 5 टक्क्यांहून जास्त सवलत देताच येत नाही. तिथल्या काटकसरी वाचकाला नवं पुस्तक स्वस्त मिळत नाही, पण चाळायला दुकान जवळ असतं. मला निवड करायची झाली तर मी फ्रान्सची वाट घेईन, आणि नव्या पुस्तकासाठी ग्रंथालयात नंबर लावीन.

2011 मध्ये वॉटरस्टोन्स विकली गेली आणि जेम्स डाँट यांच्या हाती आली. लंडनमध्ये त्यांची स्वतःची काही दुकानं होती. त्यांनी ‘तीनात दोन’ बंद केलं, आणि दर्शनी जागेसाठी प्रकाशकांकडून मिळणारे पैसे घ्यायचं सोडलं. बुडत्या कंपनीने कोट्यवधी पौंडांचं उत्पन्न आपणहून नाकारावं, हे तेव्हा अनेकांना वेडेपणाचं वाटलं. पण पैसे घेतले की पुस्तक कुठे ठेवायचं हे प्रकाशक ठरवतो, आणि मग देशभरातल्या सगळ्या दुकानांत तीच टेबलं दिसतात. पैसे नाकारल्यावर त्या त्या गावच्या दुकानातली माणसं ठरवू लागली, की आपल्या वाचकापुढे काय मांडायचं. न खपणारं कमी येऊ लागलं, त्यामुळे परत जाणाऱ्या प्रती झपाट्याने घटल्या. एलियट या गुंतवणूक कंपनीने 2018 मध्ये वॉटरस्टोन्स घेतली. 2019 मध्ये तिने बार्न्स अँड नोबलही कर्जासकट सुमारे 68 कोटी डॉलरला घेतली आणि डाँट यांना तिकडेही नेमलं. कोविडच्या टाळेबंदीत दुकानं बंद असताना त्यांनी कपाटं हलवून मांडणी बदलून घेतली. ज्या बार्न्स अँड नोबलची दुकानं 2008 च्या सुमारास सातशेच्या वर होती आणि नंतर दरवर्षी घटत होती, तिने 2023 मध्ये तीसेक आणि 2024 मध्ये पन्नासहून जास्त नवी दुकानं उघडली. बरीचशी नवी दुकानं जुन्या दालनांपेक्षा आकाराने लहान आहेत.

या बदलात चाळण्याचा खर्च उचलणारा बदलला. पूर्वी तो प्रकाशक आणि गाजलेल्या पुस्तकांचं गिऱ्हाईक उचलत होतं. आता नवं पुस्तक जवळजवळ पूर्ण किमतीला घेणारा वाचक उचलतो. सरसकट सवलती आटल्या आहेत. आणि काटकसरी वाचकाच्या दृष्टीने त्याला आणखी एक बाजू आहे, जी या पुनरुज्जीवनाच्या कौतुकात कुठे वाचायला मिळत नाही. कमी दराचं टेबल भरत होतं ते चेननी अंदाज चुकवून मागवलेल्या प्रतींमुळे. विक्रेता शहाणा झाला, नेमकी मागणी करू लागला, की परत जाणाऱ्या प्रती कमी होतात, आणि शाईची रेघ मारलेली कोरी पुस्तकंही त्याच प्रमाणात कमी होतात. जुन्या प्रतींचा ओघ मात्र चालू आहे, निदान कागदी पुस्तकांपुरता. ई-बुकला 1908 चा निकाल लागू पडत नाही. तिथे प्रत विकली जात नाही, वाचायचा परवाना दिला जातो, आणि तो दुसऱ्याला विकता येत नाही. ग्रंथालयांनाही असे परवाने बहुधा ठराविक मुदतीचे किंवा ठराविक वेळा द्यायचेच मिळतात. मुदत संपली की पुन्हा पैसे भरावे लागतात, आणि ज्या ग्रंथालयाकडे ते नसतात, तिथल्या यादीतून ते पुस्तक निघून जातं.